पीडीएफ आहे का, काका?

सी-५०३ (डॉक्टर काका): मंडळी, आमच्या बी. जे. मेडिकलच्या बॅचने पुस्तक काढलंय. ससूनमधल्या रात्रपाळ्यांच्या आठवणी, चौदा जणांच्या. त्यातल्या दोन माझ्या. किंमत २५० रुपये. हवं त्यांनी कळवा.

ए-३०२: अभिनंदन काका!! 💐 पीडीएफ आहे का?

बी-१०४ (काकू): एक प्रत माझी, डॉक्टर. आणि ए-३०२, काल पावभाजीच्या पार्सलला ३८० मोजलेस ना? तिथे मागितलीस का पीडीएफ?

ए-३०२: काकू 🙏 पण काका, डॉक्टरांना लिहायला वेळ कधी मिळतो?

बी-१०४: बी. जे.वाल्यांना विचारतोयस! 'घाशीराम कोतवाल' नाटक १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं. बसवलं जब्बार पटेलांनी, नाना फडणवीस मोहन आगाशे. दोघंही तिथलेच. एक बालरोगतज्ज्ञ, दुसरे मानसोपचारतज्ज्ञ.

डी-२०१: नाटककार सतीश आळेकर पण!

सी-५०३: आळेकर विद्यार्थी नव्हेत, बायोकेमिस्ट्रीत नोकरीला होते. पण कॉलेजचं म्हणून आम्ही खुशाल सांगतो 😄

सी-५०३: मला विचाराल तर लेखक अनिल अवचट. तेही बी. जे.चेच. १९६८ ला एमबीबीएस झाले, आणि १९६९ ला बिहारच्या दुष्काळावरचं 'पूर्णिया' हे पुस्तक आलं. डिग्रीची शाई वाळायच्या आत. पेशंटला "काय होतंय?" विचारून त्याचं ऐकत बसायचं, ही सवय त्यांनी दवाखान्याबाहेर नेली. हमाल, विडी कामगार, सगळ्यांना तसंच विचारलं. आगाशेंचंही तेच. 'कासव' चित्रपट निर्माते म्हणून केला तो डिप्रेशनवर. २०१७ ला सुवर्णकमळ मिळालं त्याला.

डी-२०१: म्हणजे तुमचंही पुस्तक तसलंच?

सी-५०३: छे हो. एकाने तर केस पेपरसारखंच लिहून पाठवलं, "रुग्ण पुरुष, वय ४५, रात्री २ वाजता दाखल". माणूस कुठे आहे त्यात म्हणून तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी त्या पेशंटच्या बायकोने डब्यातली भाकरी यालाच दिली होती, ते आलं. इतकी वर्षं बोलला नव्हता आमच्याशी त्याबद्दल.

बी-१०४: ते पान आधी वाचणार.

एफ-६०१: पाण्याचा टँकर आला का??

सेक्रेटरी: आला. काका, क्लब हाउसच्या कपाटात ठेवायला सोसायटीला दोन प्रती द्या ना. सप्रेम भेट म्हणून?

बी-१०४: सप्रेम विकत घ्या. मागच्या सप्रेम भेटी अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहेत, मी स्वतः पाहिल्या.

सी-५०३: खर्च आम्हीच वर्गणी काढून केलाय हो. १२० प्रती माझ्या दिवाणाखाली आहेत. बायकोला गोधड्या ठेवायला जागा नाही.

सेक्रेटरी: बरं, दोन्ही विकत. पावती द्या फक्त.

ए-३०२: मला पण दोन. एक आईला. काका, ५०० मेंटेनन्समध्ये अ‍ॅडजस्ट होतील का?

सेक्रेटरी: तुमचा मागच्या तिमाहीचाच बाकी आहे.

ए-३०२: जीपे करतो काका.