आतली बेडरूम बाळंतिणीसाठी मोकळी करायची आहे

ए-१०२ : सर्वांना नमस्कार. माझ्या नणंदबाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाळंतपणासाठी माहेरी येत आहेत आणि त्यांना आमची आतली बेडरूम द्यायची आहे. खोली १० बाय ११ची आहे, म्हणजे फार लहान नाही. पण बॉक्स पलंग झाकण बसणार नाही इतका भरलेला आहे, दारामागच्या खुंट्यांवर कपड्यांचे ओझे लटकते आहे, खिडकीखाली गेल्या उन्हाळ्यापासूनचा कूलर उभा आहे आणि कोपऱ्यातली खुर्ची कित्येक महिन्यांत मोकळी पाहिलेली नाही. मी दर रविवारी आवरते आणि बुधवारपर्यंत खोली पुन्हा होती तशी होते. झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणावेत की आणखी एक कपाट करून घ्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ए-२०१ : वहिनी, आम्ही पलंगाखाली सरकणारे चाकांचे डबे घेतले आहेत. खोली लगेच मोकळी दिसते.

बी-४०१ : अगं, डबे आणि कपाट, दोन्ही आत्ताच आणू नकोस. आपल्या घरांत हॉल आल्यागेल्यासाठी नीट ठेवावा लागतो, स्वयंपाकघरावरून रोज हात फिरतो आणि बेडरूमचे दार मात्र लोटून घेता येते. त्यामुळे घरातल्या ज्या वस्तूची जागा ठरलेली नसते ती फिरून फिरून पलंगावर नाही तर पलंगाखाली येऊन पडते. रविवारी तू त्या वस्तू नीट रचतेस, पण त्यांनी कुठे राहायचे हे ठरत नाही, म्हणून बुधवारी त्या परत येतात. ठरवायच्या आधी डबा आणला तर तोही महिन्याभरात भरतो, आणि मग आत काय आहे हेसुद्धा कळत नाही.

एक संपूर्ण दुपार फक्त पलंगाच्या पेटीसाठी ठेव. गादी उचलून सगळे बाहेर काढ आणि एकेक वस्तू हातात घेऊन एवढेच विचार, की ही आपल्या घरात कोण वापरते आणि शेवटची कधी वापरली. मी निवृत्त झाल्यावर माझी पेटी अशी उपसली तेव्हा तिच्यातून २३ चादरी निघाल्या, आणि घरात माणसे दोन. लग्नमुंजीत, वास्तुशांतीला, निरोपसमारंभाला आपण सोलापूरकर एकमेकांना चादरी आणि टॉवेल देतो, ते प्रेमाने दिलेले असते म्हणून कोणाला पुढे देववत नाही, आणि बाहेरगावी न्यायला होतील म्हणून कागदासकट ठेवले जाते. त्यांतल्या ६ चादरी रोजच्या वापराला आणि ४ पाहुण्यांसाठी ठेवल्या. बाकीच्या शासकीय रुग्णालयात पेशंटसोबत आलेल्या, फरशीवर झोपणाऱ्या नातेवाइकांना मी स्वतः जाऊन दिल्या. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांना देऊ, असे आधी मनात होते. पण द्यायचे ठरवलेली वस्तू चार महिने घरात राहिली की ती पुन्हा पेटीत जाते, हा माझा अनुभव आहे.

आता खुर्चीबद्दल. खुर्चीवर साठणारे कपडे बहुतेक वेळा एकदाच घातलेले असतात. धुवायला टाकवत नाहीत आणि धुतलेल्यांच्या घडीतही ठेववत नाहीत. थंडीत हा ढीग वाढतो, कारण घाम येत नाही आणि कपडा दोनदा वापरता येतो. एप्रिल-मेमध्ये तो आपोआप कमी होतो. अशा कपड्यांना खोलीत स्वतःची जागाच नाही, हे खरे दुखणे आहे. खिडकीजवळ, वारा लागेल अशी एक आखूड दांडी लावून घे आणि तिच्यावर माणशी दोनच हँगर ठेव. तिसरा कपडा आला की आधीचा एक धुण्यात गेलाच पाहिजे. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि धुणे पाण्याच्या दिवसावर अवलंबून असते, म्हणून मळलेल्या कपड्यांसाठी तीन-चार दिवसांचे मावेल अशी, जाळीची उंच टोपली बाथरूमच्या दाराशी हवी. लहान बादली ठेवली तर ती दुसऱ्याच दिवशी भरते आणि उरलेले कपडे खुर्चीवर येतात. एवढे झाले की खुर्ची त्या खोलीतून काढून टाक. बाळ झाल्यावर पाजायला बसण्यासाठी लागेल तेव्हा ती परत आत नेता येईल.

सी-२०३ : बाईंनी चादरींचा विषय काढला आहे म्हणून लिहितो, माझी नोकरी यंत्रमागावरच्या चादरींच्या कारखान्यात गेली. सुती चादर प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे बंद ठेवू नये. पावसाळ्यातला दमटपणा आत कोंडतो आणि घडीच्या रेषेवर पिवळे डाग पडतात. धुऊन, दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावर जुन्या सुती कापडात बांधून ठेवावी आणि वर्षातून दोनदा घडी बदलावी. ठेवणीतल्या कपड्यांना खळ घालू नये, कारण कसर खळीवर येते. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ती धुऊन धुऊन मऊ होते आणि वर्षांनुवर्षे टिकते. ती अंगावर घेण्यासाठीच विणलेली असते, तेव्हा नवी म्हणून जपून न ठेवता वापरायला काढावी, ही माझी सर्वांना विनंती आहे.

ए-३०३ : बाळ येणार आहे म्हणून डॉक्टर या नात्याने चार गोष्टी सांगतो. डेंगी पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरात अंधाऱ्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी बसतो. दारामागे लटकणारे कपडे आणि पलंगाखालची अडगळ त्याला फार सोयीची असते, म्हणून त्या खुंट्या आधी रिकाम्या करा. कूलर गेल्या उन्हाळ्यापासून कोरडा असला तरी त्याची टाकी ब्रशने घासूनच वापरायला काढा. या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. त्यानंतर ७ ते १० दिवसांत डास तयार होतो, त्यामुळे हंगामभर दर आठवड्याला टाकी रिकामी करून घासावी आणि त्यात चुकू नये.

दुसरे असे, की घरातल्या जुन्या ट्रंकेत ठेवलेली दुपटी, टोपडी आणि झबली बाहेर निघतील. ती डांबर गोळ्यांत ठेवलेली असतील तर बाळासाठी वापरू नका. काही बाळांमध्ये जन्मतः जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते आणि अशा बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे फुटतात, त्यातून तीव्र कावीळ होऊ शकते. त्या खोलीत गोळ्या ठेवूच नका. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट पूर्ण मोकळी असावी. बाळंतीण रात्री चार-पाच वेळा उठते आणि अंधारात पाय अडखळायला चप्पल किंवा चार्जरची वायरही पुरते.

बी-१०४ : मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. शेवटची कधी वापरली, हा प्रश्न प्रत्येक वस्तूला लावता येत नाही. माझ्या पलंगाखाली आमच्या सौभाग्यवतींची ट्रंक आहे. त्यांना जाऊन चार वर्षे झाली. त्यांची इरकल लुगडी, मुलांची स्वेटरे आणि त्यांनी शिवलेल्या दोन वाकळी तिच्यात आहेत. मुले येतात तेव्हा मला ट्रंक रिकामी करायला सांगतात, आणि ते मला जमत नाही.

बी-४०१ : भाऊ, ती ट्रंक कोणी रिकामी करू नये. मी अडगळ म्हणते ती कोणाचीच नसलेल्या, कोणाला आठवतही नसलेल्या वस्तूंना. तुमच्या ट्रंकेतली प्रत्येक घडी तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा तिला अडगळ म्हणणे बरोबर नाही. फक्त ती पलंगाखाली ठेवू नका. तेथे धूळ जाते आणि वाळवी लागली तर वेळेवर कळत नाही. दोन विटांवर, भिंतीपासून वीतभर पुढे, डोळ्यांसमोर ठेवा. वाकळी मात्र बाहेर काढा आणि पांघरा. सी-२०३मधल्या भाऊंनी चादरीबद्दल जे लिहिले आहे तेच वाकळीलाही लागू आहे, आणि तुमच्या मुलांनाही ती वाकळ आईच्या मायेसारखी नातवंडांच्या अंगावर पाहायला मिळेल.

बी-१०४ : बाई, एक वाकळ आजच उन्हात घालतो.

ए-१०२ : दोन आठवड्यांनी लिहिते आहे, सर्वांचे मनापासून आभार. पेटी उपसायला एक दुपार पुरली नाही, तीन लागल्या. आमच्या १७ चादरी निघाल्या आणि सासूबाईंनी स्वतः निवडून ९ बाजूला ठेवल्या. जुन्या साड्या बोहारणीला दिल्या. दोन बंद पडलेले मोबाइल आणि फुगलेली बॅटरी निघाली. ती कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची म्हणून वेगळी ठेवली आहे. दांडीवर माणशी दोन हँगरचा नियम ह्यांना पहिला आठवडाभर जड गेला, आता सवय झाली आहे. दुपट्यांच्या ट्रंकेत डांबर गोळ्या होत्याच, त्यामुळे नवी दुपटी मऊ जुन्या धोतरांची शिवत आहोत. पेटीत आता फक्त पाहुण्यांची अंथरुणे आहेत आणि डबे आणले नाहीत. कूलरची टाकी उद्या सकाळी गच्चीवर घासायला काढणार आहे. ज्यांना आपले कूलर त्याच वेळी घासून घ्यायचे असतील त्यांनी नऊच्या आत वर आणावेत, ब्रश आणि पाण्याचा पाइप मी घेऊन येते. चादरी द्यायला आम्ही दुपारी रुग्णालयात जाणार आहोत, कोणाला बरोबर द्यायच्या असतील तर धुऊन, घडी करून ए-१०२मध्ये आणून ठेवाव्यात.