मदत हवी आहे: 'टँक' आपला की पोर्तुगीजांचा?

मंडळी, इंग्रजी 'टँक'चं मूळ शोधतोय. एक मत गुजराती-मराठी टांक्याचं, म्हणजे गडावर कातळात खोदलेलं असतं ते. दुसरं पोर्तुगीज 'तांक'चं, तो म्हणे लॅटिन 'स्ताग्नुम'वरून आला. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशातही या दोन्ही बाजू आहेत. रणगाड्याचं बरंय, तिथे वादच नाही: ब्रिटिशांनी गुपित राखायला पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं आणि 1916 मध्ये सोमच्या लढाईत उतरलेल्या यंत्राला तेच नाव चिकटलं.

माझं घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. कान्हेरी लेण्यांतल्या प्राचीन शिलालेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. मग 'टांकं' मराठीत कधीपासून? वास्को द गामाच्या, म्हणजे 1498 च्या आधीचा उल्लेख कुणाच्या पाहण्यात आहे का? ताम्रपट, महानुभाव वाङ्मय, काहीही चालेल. पान क्रमांक दिलात तर फारच उत्तम.