पोटमाळ्यावरचा वॉल्व्ह रेडिओ : ठेवावा की भंगारात द्यावा?

चाळकरी

नमस्कार मंडळी,

गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासाला जात असून दिवाळीपूर्वी खोली रिकामी करून द्यायची आहे. मधल्या काळासाठी डोंबिवलीला भाड्याने घेतलेली जागा लहान आहे, त्यामुळे काय न्यायचे आणि काय काढायचे, यावर घरात रोज वाद होतो. गेले दोन रविवार पोटमाळा उपसण्यात गेले. तांब्याच्या बंबामागून वडिलांचा लाकडी पेटीचा वॉल्व्ह रेडिओ (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा), झाकण तुटलेला कॅसेट प्लेअर, शंभराच्या आसपास कॅसेट, ॲग्फा क्लिक थ्री कॅमेरा आणि चावीचे एचएमटी जनता घड्याळ एवढा ऐवज निघाला.

रेडिओची हकिकत थोडी सांगतो. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. तेव्हा लोक ती गाणी ऐकायला शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरवर पोचणाऱ्या लहरींवर, श्रीलंकेतील रेडिओ सिलोन लावू लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तरी सिलोनचे वेड लगेच ओसरले नाही आणि आमच्या वडिलांनी नोकरी लागताच शॉर्टवेव्हचा पट्टा असलेला संच हट्टाने घेतला. रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टात पैसे भरून नव्याने घ्यावा लागे. त्याचे लहानसे पुस्तकही ट्रंकेत सापडले.

मला या वस्तूंबद्दल माया वाटणे साहजिक आहे. कोड्यात टाकले आहे ते एकोणीस वर्षांच्या मुलीने. तिने यांतले एकही यंत्र चालू असलेले पाहिलेले नाही, तिची सगळी गाणी मोबाइलवर आहेत, आणि तरीही भंगारवाल्याला जिन्यातूनच परत पाठवण्याचे काम तिने केले. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडींपेक्षा एलपी तबकड्या अधिक संख्येने विकल्या गेल्या, असे तिनेच मला दाखवले. ज्या काळाची आठवणच नाही त्या काळातील यंत्रांची ओढ कशी लागते? ही निव्वळ फॅशन आहे, की त्यात आणखी काही आहे?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. हा रेडिओ निदान तीस वर्षे बंद आहे. प्लग लावून पाहावा का?

खटपट्या

चाळकरी यांस,

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, कारण ते तातडीचे आहे: कृपा करून प्लग लावू नका. वॉल्व्ह रेडिओत दोनशे-अडीचशे व्होल्टचा डीसी दाब असतो आणि काही संचांत ट्रान्सफॉर्मरच नसतो. अशा संचाची धातूची चासी (आतला सांगाडा) थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते, आणि प्लग उलटा बसला तर मागच्या उघड्या स्क्रूला बोट लागणेही जिवावर बेतू शकते. शिवाय तीस वर्षांत फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून डीसी दाब सारखा ठेवणारे भाग) सुकलेले असणार. ते शॉर्ट झाले तर रेक्टिफायर वॉल्व्ह (एसीचा डीसी करणारी नळी) आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातील, आणि ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस आज सहज मिळत नाही.

जुने मेकॅनिक वापरत ती युक्ती म्हणजे सिरीज बोर्ड. रेडिओच्या एका तारेत साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब जोडायचा. एलईडी चालणार नाही, तारेचाच बल्ब हवा, आणि तो हल्ली शोधावा लागतो. वॉल्व्ह थंड असताना बल्ब क्षणभर जोरात पेटतो आणि ते तापू लागले की मंद होतो. तो मंद न होता तसाच लखलखत राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे आणि लगेच बंद करावे. हे काम एकट्याने करू नये, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दाब शिल्लक असतो हे विसरू नये. हाताला सवय नसेल, तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, विचारपूस करून एखाद्या जुन्या कारागिराकडे संच न्यावा. कंडेन्सर आजही मिळतात आणि त्यांची किंमत दोन-तीन वडापावांपलीकडे जात नाही.

आता पहिला प्रश्न. मी चाळीस वर्षे दुरुस्तीच्या कामात घालवली, म्हणून माझे उत्तर एकांगी असेल, पण सांगतो. गेल्या वर्षी माझा ब्लूटूथ स्पीकर बंद पडला. बिघाड फक्त बॅटरीत होता, परंतु पेटी गोंदाने अशी चिकटवलेली की ती फोडल्याशिवाय उघडेना. दुकानदार म्हणाला, ‘काका, हा उघडायचा नसतो, नवा घ्यायचा असतो.’ याउलट तुमच्या रेडिओच्या मागचा पुठ्ठा चार स्क्रू काढले की हातात येतो. आत कोणता वॉल्व्ह कोठे बसतो हे दाखवणारा कागद पुष्कळदा चिकटवलेला सापडतो, आणि वॉल्व्ह पेटला आहे की नाही हे डोळ्यांना दिसते. ज्या मुलांच्या हाती जन्मापासून न उघडणाऱ्या वस्तूच आल्या, त्यांना उघडणारी वस्तू नवलाची वाटली तर त्यात आश्चर्य ते कोणते? माझ्या मते आपल्या कन्येला ओढ आहे ती जुन्या काळाची नसून आतले दिसण्याची आहे. मागचा पुठ्ठा तिच्याच हाताने काढू द्या.

ध्वनिमापक

खटपट्या यांच्या सुरक्षेच्या सूचनेशी शंभर टक्के सहमत आहे, परंतु या विषयावर बोलताना भक्तिभाव फार लवकर शिरतो म्हणून थोडे उलट बाजूचे लिहितो.

जुन्या यंत्रांचा आवाज अधिक चांगला असतो हे विधान मोजमापाच्या कसोटीवर टिकत नाही. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील पल्ला सुमारे ९६ डेसिबलचा आहे, तर चांगल्या एलपीचा साधारण ६० ते ७०. कॅसेट त्याहूनही अधू. फिलिप्सने ती १९६३ मध्ये आणली तेव्हा डोळ्यांसमोर संगीत नव्हतेच, बोललेला मजकूर टिपणे हा हेतू होता. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, आणि त्यामुळे मागे सतत फुसफुस. डॉल्बीचे तंत्र ती फुसफुस कमी करण्यासाठीच आले. एलपीचा आवाज ‘उबदार’ लागतो असे म्हणणाऱ्यांना पुष्कळदा त्या माध्यमाचा दोषच आवडत असतो. दोष आवडू नये असे नाही. त्याला गुण म्हणू नये, एवढेच.

बाजारानेही हे ओळखले आहे. पोलरॉइडने २००८ मध्ये फिल्म बनवणे थांबवले होते, तेव्हा काही उत्साही मंडळींनी नेदरलँड्समधील एन्शेडे येथील शेवटच्या कारखान्याची यंत्रसामग्री ताब्यात घेऊन फिल्म पुन्हा सुरू केली. टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेला एसएल-१२०० टर्नटेबल २०१६ मध्ये परत आणला. हे प्रामाणिक उद्योग झाले. परंतु सुटकेसच्या आकाराचे जे स्वस्त रेकॉर्ड प्लेअर आज भेट म्हणून दिले जातात, त्यांतील पुष्कळांच्या सिरॅमिक पिकअपची (तबकडीवरचे कंप टिपणाऱ्या भागाची) सुई पाच-सहा ग्रॅमच्या भाराने तबकडी घासत असते. चांगल्या मॅग्नेटिक पिकअपला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. आजोबांच्या तबकड्या असल्या यंत्रावर कृपया लावू नयेत.

आणि ‘तेव्हाच्या वस्तू टिकत’ हेही अर्धसत्य आहे. ज्या टिकल्या त्याच आपल्यापुढे आहेत, बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहणे, ट्रंक कॉल लावून तासन्‌तास ताटकळणे, हे कोणाला परत हवे आहे असे वाटत नाही.

मग ओढ कशाची? माझे उत्तर : मर्यादेची. सी-६० कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते आणि उठून ती उलटावी लागते. एलपीची बाजू तर वीस-बावीस मिनिटांत संपते. मोबाइलवरची यादी संपतच नाही, म्हणून तिच्यातले काहीच पुरते ऐकले जात नाही. हे मी मोजमापाच्या माणसाने लिहावे याची मला थोडी लाज वाटते, पण घरी सीडी असलेल्या ध्वनिमुद्रणाची एलपीसुद्धा मी विकलेली नाही.

बारा_फोटो

मी चोवीस वर्षांची आहे, म्हणजे ज्यांच्याविषयी ही चर्चा चालली आहे त्यांच्यापैकीच. काकांच्या मुलीची बाजू मांडते.

माझ्याकडेही क्लिक थ्री आहे, मामांचा. त्याला शटरचा एकच वेग आहे आणि निवड करायची ती ऊन की ढग एवढीच. १२० नंबरचा रोल आजही मिळतो आणि त्यावर चौकोनी बाराच फोटो निघतात. मागच्या लाल काचेतून आकडा पाहत रोल पुढे सरकवावा लागतो. माझा पहिला रोल मी मरीन ड्राइव्हवर सूर्य मावळल्यानंतर वापरला. धुऊन आल्यावर बारापैकी नऊ निगेटिव्ह काचेसारख्या पारदर्शक होत्या, म्हणजे फिल्मवर प्रकाश पोचलाच नव्हता. उरलेल्या तिघांपैकी एकात कठड्यावर बसलेला चणेवाला होता, हललेला.

मोबाइलवर त्या संध्याकाळचे दोनशे फोटो आले असते आणि एकही चुकला नसता. परंतु फोन स्वतःच प्रकाश मोजतो, अनेक फोटो जोडून एक करतो, अंधारात उजेड भरतो. फोटो चांगला आला तर त्यात माझे किती, हे मला कधीच कळत नाही. क्लिकमध्ये नऊ निगेटिव्ह का फुकट गेल्या ते मला नेमके कळले, आणि दुसऱ्या रोलला मी दुपारी चार वाजता गेले. ध्वनिमापक म्हणतात ती मर्यादा खरीच, पण माझ्यापुरते बोलायचे तर चूक माझी स्वतःची असणे, हे सुख मोठे आहे.

एक विनंती : कॅमेरा नुसताच पेटीत बंद करून ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

सतरा_ज्वेल्स

फक्त घड्याळाविषयी लिहितो. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि जनता हे त्यांचे घराघरांत पोचलेले घड्याळ. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतल्यानंतर जुन्या मालाला एकदम भाव आला आणि त्याबरोबर फसवणुकीलाही. चोर बाजारात आणि ऑनलाइन भडक रंगांच्या तबकड्यांची जी ‘अस्सल जुनी’ जनता दिसतात, त्यांतील अनेकांच्या तबकड्या अलीकडे रंगवलेल्या असतात आणि आतले यंत्र दोन-तीन घड्याळांचे सुटे भाग जुळवून केलेले असते.

म्हणून आपल्या वडिलांच्या घड्याळाची तबकडी पिवळी पडली असली तरी ती बदलून चकचकीत करू देऊ नका. चावी देऊन चालवूनही पाहू नका. आतले तेल वाळलेले असते आणि कोरडी चाके झिजतात. आधी सर्व्हिसिंग, मग रोज सकाळी एका ठरावीक वेळी चावी.

चाळकरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांनी लिहितो आहे.

खटपट्या यांच्या सांगण्यावरून ओळखीतल्या एका निवृत्त मेकॅनिकना घरी बोलावले. मागचा पुठ्ठा मुलीनेच काढला. आत झुरळांची अंडी, बोटभर धूळ आणि वॉल्व्हच्या जागा दाखवणारा पिवळा कागद. सिरीज बोर्डावर लावताच बल्ब जो पेटला तो मंद होईचना, तेव्हा त्यांनी प्लग ओढून काढला आणि दोन कंडेन्सरची नावे चिठ्ठीवर लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन मुलगी एकटी लॅमिंग्टन रोडला गेली. तीन दुकाने फिरावी लागली, असे म्हणाली.

पुढच्या रविवारी बल्ब मंद झाला. मिनिटभर काहीच नाही, मग तापलेल्या धुळीचा वास आला आणि डायलच्या वरचा मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागले की ज्याची फट मिटते तो दिवा, हिरवा पेटला. स्टेशन मात्र लागेना; या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती घरघर. मेकॅनिक म्हणाले, ‘घरातले दिवे घालवा.’ एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या आतल्या सर्किटचा गोंगाट मीडियम वेव्हवर येतो, हे आम्हांला ठाऊकच नव्हते. मुलीने एकेक बटण बंद करायला सुरुवात केली आणि दर बटणामागे घरघर कमी होत गेली. शेवटी शेजारच्या आजींना विनंती करून त्यांचाही पॅसेजमधला दिवा घालवला, तेव्हा कुठे मराठी निवेदन स्वच्छ ऐकू आले आणि मॅजिक आयची फट मिटली. आम्ही चौघे आणि दारातून डोकावणाऱ्या आजी, पाऊण तास अंधारात बसून होतो. बाजारभावांपासून काय लागेल ते ऐकले.

मुलीला विचारलेच की तुला यात काय आवडते. ‘सापडायला वेळ लागतो ना, म्हणून,’ एवढेच म्हणाली. आपणा तिघांपैकी कोणाचे मत बरोबर निघाले ते आपणच ठरवा. रेडिओ डोंबिवलीला येतो आहे, त्यासाठी माझा पुस्तकांचा एक खोका कमी झाला. ध्वनिमापक यांची टिप्पणी तिला वाचून दाखवली असता, कॅसेट प्लेअरवरचा हट्ट तिने आपणहून सोडला. कॅसेट मात्र येणार आहेत.

एक अडचण उरली आहे. बटण फिरवले की डायलचा काटा कधी सरकतो, कधी जागीच राहतो, त्यामुळे मुंबई लागते तेव्हा काटा भलत्याच शहरावर असतो. मेकॅनिकच्या मते आतली दोरी सैल झाली आहे. साधी मासेमारीची नायलॉनची दोरी चालेल का?

खटपट्या

एकेरी नायलॉन घेऊ नका, ते ताणते आणि चाकावरून घसरते. विणलेली बारीक दोरी घ्या. ‘डायल कॉर्ड’ म्हणून मागितलीत तर एखाद्या जुन्या दुकानात अजून निघेल. आणि जुनी दोरी काढण्यापूर्वी ती कोणत्या चाकावरून कशी जाते, कोठे किती वेढे आहेत आणि स्प्रिंग कोणत्या बाजूस अडकवली आहे, याचे मोबाइलवर चार-पाच फोटो काढून ठेवा. पंचवीस वर्षांपूर्वी मी ते न करता दोरी कापली होती आणि तो संच अजून माझ्या माळ्यावर आहे.