‘मचूळ’ असताना ‘अर्धलवणीय’ कशाला?

समुद्राविषयीच्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द सुचवणाऱ्या एका यादीत ब्रॅकिश, म्हणजे गोड्या आणि खाऱ्याच्या मधल्या पाण्यासाठी ‘अर्धलवणीय’ सुचवलंय. अहो, खाडीकाठी त्याला सरळ ‘मचूळ’ म्हणतात, कोळंबीवाले ‘निमखारं’. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. मचूळ पाण्यात त्याहून कमी. जिताडा माशाची पिल्लं अशाच पाण्यात वाढतात.

तसंच अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचं ‘उधाण’ आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचा ‘भांग’ हेही तयार शब्द आहेत. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खडकावरची कालवं (शिंपले) काढायला गेलेला माणूस अर्ध्या टोपलीनिशी परततो.

प्लँक्टनसाठीचा ‘प्लवक’ मात्र घडवलेला असूनही झकास शब्द. प्रवाहाविरुद्ध पोहू न शकणारा तो प्लवक, म्हणून परातीएवढी जेलीफिशसुद्धा प्लवकच! ‘प्लवक म्हणजे सूक्ष्मजीव’ हे यादीतलं वाक्य तेवढं दुरुस्त करा.