मदत हवी आहे: नातीची सर्दी, आजोबांची धाप
नमस्कार मंडळी. बाबा ७२ वर्षांचे, सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंट. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही पाच जण. लेकीला शाळेतून साधी सर्दी झाली, ती दोन दिवसांत खेळायला लागली. बाबांना मात्र चौथ्या दिवशी धाप लागली, कफ हिरवट झाला, अख्खी रात्र उशांना टेकून बसून काढली. डॉक्टर म्हणाले, सर्दीचा ऱ्हायनोव्हायरससुद्धा अशा फुप्फुसांना पुरतो. फ्लू, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) यांनीही दुखणं उसळतं.

मुंबईत फ्लू पावसाळ्यात वाढतो, मग लस मे महिन्यातच द्यावी का? न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची लस कोणी घरच्या ज्येष्ठांना दिली आहे? आणि एवढ्याशा जागेत आजारी पोराला वेगळं कसं ठेवता? ती आजोबांच्या कुशीतच झोपते, दूर केलं की दोघंही रडवेली होतात.

परळ-दादरकडे श्वसनाचे व्यायाम शिकवणारं कोणी असेल तर कृपया कळवा.