कळंब्याकडं पळायला या की

आपल्या कोल्हापुरातल्या पळणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हटलंय की रंकाळा तलाव सोडून लांब राहायला गेलं की पळणं बंदच पडतं, मग ट्रेडमिलच बरी. अर्धं पटतंय. मी पण गंगावेशीतून कळंब्याकडं शिफ्ट झालो तेव्हा पहिला महिनाभर गाडी काढून रंकाळ्यावरच जायचो, पार्किंग शोधून मग पळायचं, म्हणजे काय बोलायचं! शेवटी एक दिवस कंटाळून घरातनंच सुटलो, मोबाईलवर मॅप न बघता, जिकडं रस्ता जाईल तिकडं, आणि कळंबा तलावावर पोचलो. मग कात्यायनीच्या डोंगराच्या बाजूला चढ लागतो, तिथं दम निघतो राव, सपाटीवरची सगळी हवा जाते.

पण खरी गंमत वेगळीच. शहरात आपण नाक दाबून ज्याला जयंती नाला म्हणतो ना, ती मुळात नदी आहे, या कात्यायनीच्या डोंगरातनंच येते, कळंबा तलावातनं पुढं जाऊन गावातनं पंचगंगेला मिळते. इतकी वर्षं दसरा चौकातनं ये-जा केली पण हे पळताना कळलं. पावसाळ्यात सांडव्यावरनं पाणी पडताना बघून मी चक्क थांबलो, घड्याळातला पेस गेला खड्ड्यात. बाकी कुत्री आहेत, ती जवळ आली की पळायचं नाही, चालायचं. आणि गळीत हंगाम सुरू झाला की अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, त्यामुळं उजाडल्यावरच निघा. वाटेत एखादं गुऱ्हाळ लागलं तर मात्र काकवीच्या वासानं पाय आपोआप हळू होतात, त्याला इलाज नाही.