पाळणाघराचे पैसे महिन्याने द्यावेत की तासाने?

प्रश्न
आमची मुलगी दुसरीत आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे शाळा भरण्यापूर्वी दीड तास आणि सुटल्यावर तीन तास तिला पाळणाघरात ठेवावे लागणार आहे. एका ठिकाणी महिन्याचे ठरावीक शुल्क आहे आणि मूल आले नाही तरी ते पूर्ण द्यावे लागते. दुसरीकडे हजेरीच्या तासांचेच पैसे घेतात, पण तासाचा दर सव्वापट पडतो. न वापरलेल्या दिवसांचे पैसे द्यायचे, हे काही मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १
आधी आकडे मांडून पाहा. रोजचे साडेचार तास आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तर ९९ तास होतात. दर सव्वापट असेल, तर मुलगी महिन्यात चार दिवस गैरहजर राहिली तरी ठरावीक शुल्कच किंचित स्वस्त पडते. पाचव्या गैरहजेरीपासून तासाचा हिशेब फायद्याचा ठरतो. दुसरीतले मूल सर्दीतापाने किती दिवस घरी राहते, हे तुम्हालाच ठाऊक.

प्रतिसाद २
मी स्वतः पाळणाघर चालवते, म्हणून दुसरी बाजू सांगते. बारा मुलांमागे दोन मदतनीस असतील आणि त्यांतले एक मूल आले नाही, तर त्या दोघींपैकी कोणाचाही पगार कमी होत नाही, जागेचे भाडेही तेवढेच राहते, आणि ती जागा मी दुसऱ्या मुलाला देऊ शकत नाही. आपण पैसे देता ते राखून ठेवलेल्या जागेचे. सकाळचा दीड तास तर आम्हाला सर्वांत महाग पडतो, कारण तीन-चार मुलांसाठीही दार उघडून कोणीतरी बसावेच लागते. मात्र दीर्घ सुटीत निम्मे शुल्क घेण्यास अनेकजणी तयार होतात. प्रवेशाच्या वेळीच विचारावे, नंतर विचारल्यास अवघड होते.

प्रतिसाद ३
उशिराच्या आकारणीचा नियम नीट वाचून घ्या. पंधरा मिनिटांच्या टप्प्याने आकारणी असेल, तर दोन मिनिटांच्या उशिरालाही पूर्ण टप्प्याचे पैसे पडतात. एकदा मला दहा मिनिटे उशीर झाला, तेव्हा माझा मुलगा बूट घालून, दप्तर पाठीवर घेऊन पायरीवर बसला होता, आणि शेजारी ताई पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्या आकारणीबद्दल मी कुरकुर केलेली नाही. याखेरीज अनामत परत कधी मिळते आणि बंद करण्यापूर्वी किती दिवस आधी कळवावे लागते, हे लेखी घ्या. पावतीवर मुलाचे नाव आणि कालावधी असू द्या. कार्यालयाकडून खर्चाचा वाटा मिळणार असेल, तर तीच मागतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. शाळेचे वेळापत्रक काढून मोजल्यावर लक्षात आले, की आमची खरी अडचण गैरहजेरीची नसून सुट्यांची आहे: त्या दिवसांत साडेचार तास पुरणार नाहीत, पूर्ण दिवसाची सोय लागेल. म्हणून ठरावीक शुल्काच्याच ठिकाणी जाऊन, सुटीतल्या पूर्ण दिवसाचा दर वेगळा लिहून देता का, असे उद्या विचारणार आहे.